चार पिढ्या, पंधरा माणसे आणि गुहागर : डिसेंबरच्या सहलीची आखणी कशी करावी?

अंगणवेल :

नमस्कार. येत्या डिसेंबरमध्ये आमच्या घरच्या चारही पिढ्यांनी मिळून कोकणात जायचे घाटत आहे. त्याच्या आखणीबद्दल येथील जाणत्या मंडळींचे मत हवे आहे.

आम्ही ठाण्यात राहतो. बरोबर येणार आहेत यजमानांच्या आजी (वय ८६, काठी घेऊन चालतात, दोन-चार पायऱ्यांपलीकडे चढवत नाही), सासरे (६९, मधुमेह, इन्सुलिन चालू), सासूबाई (६४, दोन्ही गुडघे दुखरे), चुलत सासरे आणि काकू, आम्ही दोघे व आमची १० वर्षांची मुलगी, न्यू जर्सीहून येणारे दीर-जाऊबाई व त्यांची १४ आणि ६ वर्षांची मुले, आणि पुण्याहून नणंद, त्यांचे यजमान व दीड वर्षाचे बाळ. एकूण १५.

गुहागरचा व्याडेश्वर हे आमचे कुलदैवत. सगळ्यांच्या उपस्थितीत तेथे एकदा अभिषेक व्हावा अशी आजींची फार दिवसांची इच्छा आहे. दिरांकडची मोठी शाळासुट्टी नेमकी पावसाळ्यात येते आणि तेव्हा आपल्याकडच्या शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात, त्यामुळे दोन्हीकडच्या मुलांना जमेल असा काळ नाताळच्या आसपासचाच उरतो. दिरांनी पाठवलेल्या आराखड्यात गुहागर दोन रात्री, गणपतीपुळे एक, मालवण दोन आणि गोवा दोन असे मुक्काम आहेत. इतक्या लांबून येणाऱ्यांना जास्तीत जास्त पाहून घ्यावेसे वाटणे स्वाभाविकच आहे. सासूबाईंना मात्र ही धावपळ झेपणारी वाटत नाही आणि तसे स्पष्ट बोलून त्यांना मुलाचे मनही मोडायचे नाही. मधला मार्ग कसा काढावा, राहण्याची जागा निवडताना काय पाहावे, प्रवास रेल्वेने करावा की रस्त्याने, याबद्दल कृपया सविस्तर लिहावे.

पाखाडी :

अंगणवेल ताई, मी मूळचा गुहागर तालुक्यातला. घरी येणाऱ्या पाहुण्यांच्या अशा सहली लहानपणापासून पाहत आलो आहे, म्हणून थोडे मोकळेपणाने लिहितो.

मुक्काम एकच ठेवावा, हे माझे ठाम मत आहे. पंधरा माणसांनी एक जागा सोडून दुसरी गाठायची म्हणजे अंतर कितीही कमी असो, दिवसाचा मोठा भाग त्यातच जातो. सामान आवरणे, बाळाचे खाणे, आजींची आंघोळ, कुणाचा तरी विसरलेला चार्जर, गाडीत कोण कुठे बसणार याची चर्चा, हे सगळे उरकून निघेपर्यंत दहा-अकरा वाजतात आणि पोहोचून स्थिरस्थावर होईपर्यंत सूर्य कलतो. त्यातून मालवण म्हणजे दुसरा जिल्हा. गुहागरहून चिपळूणला येऊन महामार्गाने खाली कणकवलीपर्यंत जायचे आणि तेथून पुन्हा समुद्राकडे वळायचे. ज्या माणसाला दर तासा-दीड तासाने स्वच्छतागृह लागते, त्याच्यासाठी हा प्रवास कसा असेल याचा विचार करावा. वृद्ध माणसे गाडी वारंवार थांबवायला संकोचतात, मग पाणी पिणेच कमी करतात आणि त्याचा त्रास दुसऱ्या दिवशी उमटतो.

दिवसाची आखणी घरातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान माणसाच्या घड्याळाप्रमाणे करावी, म्हणजे तुमच्या बाबतीत आजी आणि बाळ. दोघांनाही सकाळी लवकर जाग येते, दोघांनाही दुपारी झोप लागते आणि संध्याकाळी दोघेही ताजेतवाने असतात. व्याडेश्वराचे मंदिर बाजारपेठेत, मुख्य रस्त्यालगतच आहे आणि चढण नाही. पंचायतन असल्यामुळे चार कोपऱ्यांना चार लहान देवळे आहेत, ती आजींना सावकाश फिरून पाहता येतील. फक्त सकाळी लवकर जावे, कारण दुपारी आवारातली फरशी तापते आणि अनवाणी चालणाऱ्यांचे पाय भाजतात. अभिषेकासाठी देवस्थानाशी आधी बोलून वेळ ठरवावी आणि शक्यतो सोमवार टाळावा. दुर्गादेवीचे मंदिरही गावातच आहे, तेथे ओटी भरून घ्यावी.

दुपारी सगळ्यांनी घरी असावे. संध्याकाळी समुद्र. गुहागरचा किनारा लांबलचक आहे, मागे सुरूचे बन आहे आणि गावातल्या गल्ल्यांमधून थेट तेथे उतरता येते. आजींना वाळूत चालवणार असाल तर ओहोटीची वेळ साधा. पाणी मागे सरल्यावर जी ओली, घट्ट वाळू उरते तिच्यावर काठी रुतत नाही, कोरड्या भुसभुशीत वाळूत मात्र धडधाकट माणसाचाही पाय मुरगळतो. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण ते एक तास पुढे सरकते, त्यामुळे पहिल्या दिवशी गावात विचारून घेतलेत की पुढच्या दिवसांचा अंदाज तुम्हालाच बांधता येईल.

सांजवात :

पाखाडी यांच्याशी पूर्ण सहमत. राहण्याच्या जागेबद्दल मी लिहिते, कारण सहलीत वृद्ध माणूस जायबंदी होण्याचा सर्वांत मोठा धोका समुद्रावर नसून न्हाणीघरात असतो.

आम्ही एका ठिकाणी छायाचित्रे पाहून आरक्षण केले होते. खोल्या सुंदर होत्या, पण न्हाणीघराला वीतभर उंचीचा उंबरा होता, आतली फरशी गुळगुळीत होती आणि कमोडच्या शेजारी धरायला भिंतीशिवाय काही नव्हते. माझ्या आईंना प्रत्येक वेळी दोघांनी धरून न्यावे लागले आणि त्या संकोचापायी त्यांनी संध्याकाळचा चहा घेणेच सोडले. तेव्हापासून मी जागेच्या मालकांना व्हिडिओ कॉल करायला लावते आणि फाटकापासून न्हाणीघरापर्यंत फोन घेऊन चालायला सांगते. चांगले मालक आनंदाने दाखवतात.

कोकणात आणखी एक गोष्ट आवर्जून विचारावी लागते. रस्ता वर आणि घर खाली वाडीत, अशी रचना तेथे फार आढळते आणि मधली वाट म्हणजे पाखाडी, म्हणजेच जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. तरुणांना ती अतिशय रम्य वाटते. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंसाठी मात्र दिवसातून चार वेळा ती चढणे-उतरणे म्हणजे शिक्षा आहे. म्हणून “गाडी घराच्या पायरीपर्यंत येते का” हा प्रश्न “खोलीत वातानुकूलन आहे का” याच्या आधी विचारावा. आजींची खोली तळमजल्यावरच हवी आणि तिच्या शेजारच्या खोलीत रात्री हाक मारली तर उठणारे माणूस हवे. न्हाणीघरात ठेवायला प्लॅस्टिकची हात असलेली खुर्ची तेथेच मिळू शकते. कमोडवर बसवायची उंच बैठक आणि न घसरणारी रबरी चटई मात्र आपण घरून न्यावी.

समुद्रावर न्यायच्या खुर्चीबद्दलही सांगते. साध्या खुर्चीचे पाय वाळूत खचतात आणि बसलेले माणूस एका बाजूला कलंडते. खुर्चीखाली एखादी रुंद फळी टाकली की ती स्थिर राहते. मालकांना सांगून ठेवले तर फळी सहज मिळते.

नदीकाठ :

थोडा वेगळा विचार मांडतो. एकच मुक्काम हे तत्त्व बरोबर आहे, पण १४ वर्षांच्या मुलाला सलग पाच दिवस एका गावात रमवणे सोपे नाही. गुहागर तीन रात्री आणि गणपतीपुळे दोन रात्री असे केले तर दोन्ही गोष्टी साधतील. तवसाळहून जयगडला फेरीबोट आहे, ती गाडीसकट माणसांना पलीकडे नेते आणि लांबचा वळसा वाचवते. खाडी ओलांडण्याचा तो प्रवास लहान मुलांना कमालीचा आवडतो. गणपतीपुळ्याला किनाऱ्यावरच देऊळ, जवळ मालगुंडला केशवसुतांचे स्मारक आणि रत्नागिरीकडे जाताना आरे-वारेचा समुद्राला लागून जाणारा रस्ता आहे. रत्नागिरीत थिबा राजवाडाही दाखवता येईल. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून आपल्या कोकणात आणून ठेवले होते, ही हकीकत परदेशात वाढणाऱ्या मुलांना निश्चित लक्षात राहते.

पाखाडी :

नदीकाठ, ठिकाणे उत्तम आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण त्यासाठी पंधराही जणांचा मुक्काम हलवायला नको. फेरीबोटीने गणपतीपुळ्याला जाऊन संध्याकाळी परत येता येते. ज्यांना उत्साह आहे त्या सात-आठ जणांनी जावे, बाकीच्यांनी घरी आराम करावा. शेवटच्या परतीच्या फेरीची वेळ मात्र जातानाच धक्क्यावर विचारून घ्यावी.

मोठ्या कुटुंबाची सहल म्हणजे सगळ्यांनी सतत एकत्र असलेच पाहिजे, हा आग्रह सोडून द्यायला हवा असे मला मनापासून वाटते. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचे जेवण एकत्र झाले की पुरे. मधल्या वेळात ज्याने त्याने आपल्या शक्तीप्रमाणे वेगळे व्हावे. गोपाळगड, हेदवीचा दशभुज गणेश, वेळणेश्वर यांतले जे ज्याला जमेल ते त्याने पाहावे. हेदवीची बामणघळ (समुद्रकाठच्या खडकातली अरुंद घळ) भरतीच्या वेळी पाहण्यासारखी असते, पण तेथील खडक निसरडे असतात, तेव्हा मुलांचा हात सोडू नये. आणि गणपतीपुळ्याला गेलेल्यांनी मुलांना पाण्यात खोल जाऊ देऊ नये. तेथे पट्टीचे पोहणारेही बुडालेले आहेत.

दूरदेशी :

मी गेली अनेक वर्षे अमेरिकेत राहतो, त्यामुळे तुमच्या दिरांच्या बाजूने दोन शब्द लिहावेसे वाटतात. आम्हा बाहेर राहणाऱ्यांच्या मनात सतत हिशेब चालू असतो की पुन्हा येणे कधी होईल आणि तेव्हा घरातले कोण कोण असेल. त्यातूनच ते भरगच्च आराखडे जन्माला येतात. त्यांना “हे झेपणार नाही” असे सांगण्याऐवजी सहलीचे सरळ दोन भाग करावेत. पहिले पाच दिवस सर्वांनी गुहागरला राहावे. त्यानंतर बाकीची मंडळी ठाण्याला परततील आणि दिरांचे चौकोनी कुटुंब चिपळूणहून पुढे मालवण-गोव्याला जाईल. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीने जावे लागते, होडीत चढता-उतरताना तोल सांभाळावा लागतो आणि आत चालणेही बरेच आहे. ही सहल मुलांच्या वयाला साजेशी आहे आणि ज्येष्ठांवाचून केली तर कुणालाच अपराधी वाटणार नाही.

दुसरे असे की मुले आल्यावर लगेच निघू नका. पूर्व अमेरिकेतून आल्यावर हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक पडतो. सहा वर्षांचे मूल पहिले तीन-चार दिवस रात्री दोन वाजता टक्क जागे असते आणि संध्याकाळी जेवताना ताटावर पेंगते. ते दिवस ठाण्यातच जाऊ द्यावेत.

चौदा वर्षांच्या मुलाला पाहुणा म्हणून न वागवता एखादे खरे काम सोपवावे. माझ्या पुतण्याकडे आम्ही आजोबांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम दिले होते. मराठी बोलताना अडखळणारा तो मुलगा रोज संध्याकाळी प्रश्न लिहून त्यांच्याजवळ बसू लागला आणि आजोबाही त्याची वाट पाहू लागले.

रुळावरून :

ठाण्याहून जाणार असाल तर ज्येष्ठांनी रेल्वेनेच जावे. जनशताब्दी पहाटे निघते, ठाण्याला थांबते आणि सकाळीच चिपळूणला पोहोचवते. गाडीत स्वच्छतागृह असते, उठून चार पावले चालता येते आणि घाटातली वळणे लागत नाहीत. या गाडीला मोठ्या काचांचा व्हिस्टाडोम डबा असतो. भाडे बरेच जास्त आहे, पण मुलांना तेथे बसवावे.

आरक्षण आता १२० नव्हे, ६० दिवस आधी सुरू होते. हा बदल १ नोव्हेंबर २०२४ पासून झाला. म्हणजे २० डिसेंबरच्या गाडीचे आरक्षण २१ ऑक्टोबरला सकाळी ८ वाजता खुले होईल आणि नाताळच्या आठवड्यात ते फार वेळ टिकणार नाही. एका तिकिटावर सहाच प्रवासी घेता येतात, म्हणून पुण्याचे तिघे सोडून ठाण्याहून निघणाऱ्या बारा जणांसाठी दोन तिकिटे काढावी लागतील. ती काढताना प्रत्येक तिकिटावर एक ज्येष्ठ आणि एक धडधाकट माणूस येईल अशी विभागणी आधीच कागदावर करून ठेवावी, कारण डबे वेगळे मिळाले तरी आजी एकट्या पडणार नाहीत. परतीला शयनयान घेणार असाल तर ज्येष्ठांच्या खालच्या बर्थचा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी आणि तेही ज्येष्ठच असतील तर लागू होतो, म्हणून त्यासाठी ज्येष्ठांची तिकिटे वेगळी काढावी लागतील, हेही ध्यानात ठेवावे. ज्येष्ठांची भाडेसवलत २०२० पासून बंद आहे.

चिपळूणला गाडी थोडाच वेळ थांबते. स्थानक येण्याच्या दहा-पंधरा मिनिटे आधी सामान दाराजवळ आणावे. एकाने आधी उतरून आजींना खालून आधार द्यावा, दुसऱ्याने वरून धरावे, आणि सामान सगळ्यांत शेवटी काढावे.

औषधपेटी :

मी वैद्यकीय व्यवसायात आहे. सासऱ्यांच्या इन्सुलिनची बर्फाच्या लादीशी थेट गाठ पडू देऊ नये. गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरता येत नाही. वापरात असलेले पेन साधारणपणे ३० अंशांखाली काही आठवडे टिकते, नेमकी मुदत वेष्टनावर असते. न उघडलेला साठा मालकांच्या फ्रिजमध्ये ठेवावा. सर्वांच्या औषधांचे दोन संच करून दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवावेत, आणि औषधांची नावे व मात्रा लिहिलेला कागद आजी-सासऱ्यांच्या स्वतःच्या पाकिटात असावा. इन्सुलिन घेऊन देवदर्शनाच्या रांगेत उपाशी उभे राहणे धोक्याचे आहे. अभिषेकाच्या दिवशी ते उपवास धरणार असतील तर त्यांच्या डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावे.

आपत्कालीन रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. मोठ्या उपचारांची वेळ आली तर चिपळूण किंवा सावर्ड्याजवळील डेरवणचे रुग्णालय गाठावे लागेल, म्हणून एक गाडी चालकासह मुक्कामी ठेवावी. तो खर्च वायफळ समजू नये.

अंगणवेल :

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद वाचून काल रात्री प्रथमच आजींना सरळ विचारले की तुम्हाला या सहलीत काय हवे आहे. इतके दिवस आम्ही सगळे त्यांच्या वतीनेच बोलत होतो. अभिषेक तर त्यांना हवाच आहे, पण त्यांनी पालशेतचेही नाव घेतले. तेथे त्यांचे माहेर होते, घर आता दुसऱ्यांचे आहे, पण विहीर आणि समोरचा आगर (नारळी-पोफळीची बाग) बाहेरून तरी पाहावा असे त्यांना वाटते. मालवण किंवा गोव्याचा विषयही त्यांनी काढला नाही. हे ऐकल्यावर दिरांनी आपणहून एकच मुक्काम मान्य केला आणि नंतर चौघांनी पुढे जाण्याची कल्पना त्यांना पसंत पडली.

आता दोन अडचणी उरल्या आहेत. सासरे सगळा खर्च स्वतः करतो म्हणत आहेत आणि ते निवृत्तिवेतनावर आहेत. दुसरे असे की स्वयंपाकघर असलेला अख्खा बंगला मिळत आहे, तो घ्यावा का?

हिशेबवही :

खर्चाची गोष्ट आरक्षणाआधीच स्पष्ट करावी. आमच्याकडे अशी पद्धत आहे की राहणे, जेवण आणि गाडी यांचा एक सामाईक निधी करायचा, कमावत्या कुटुंबांनी त्यात आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी घालायची आणि हिशेब एकाच माणसाने ठेवायचा. परदेशातल्या भावाने जास्त घातले तर त्याची वाच्यता करू नये, आणि नणंदेकडे बाळ लहान म्हणून खर्च जास्त असेल तर तिच्याकडून कमी घ्यावे. वैयक्तिक खरेदी ज्याची त्याने करावी. सासऱ्यांना “तुम्ही काही देऊ नका” असे म्हटले तर ते दुखावतील. अभिषेक आणि देवस्थानाची दक्षिणा पूर्णपणे त्यांच्याकडे सोपवा. कर्तेपणाचा मान त्यांना तेथे मिळेल आणि निवृत्तिवेतनावर ताणही येणार नाही.

सांजवात :

बंगला घ्यावा, पण स्वयंपाकघर वापरण्यासाठी नव्हे. पंधरा माणसांचा सकाळचा चहा, नाश्ता आणि दोन वेळची जेवणे सुरू झाली की तुमच्या सासूबाई, काकू, जाऊबाई आणि तुम्ही यांची सुट्टी ओट्यापाशीच संपेल. पुरुष मदत करतात, पण काय आणायचे आणि किती शिजवायचे याचा विचार शेवटी बायकांच्याच डोक्यात राहतो. गुहागरात घरगुती जेवण देणाऱ्या खाणावळी आहेत, आदल्या रात्री सांगितले तर डबे घरपोच करण्याबद्दल बोलता येईल. आजींसाठी मऊ भात, कुळथाची पिठी, कमी तिखट भाजी, आणि मुलांसाठी घावणे किंवा आंबोळ्या असे स्पष्ट सांगावे. ओट्याचा उपयोग बाळाची पेज, रात्रीचे गरम पाणी आणि पहाटे उठणाऱ्या काकांचा चहा एवढाच ठेवावा, आणि तो चहा काकांनी स्वतः करावा.

अंगणवेल :

हे सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले, त्यांनी लगेच होकार दिला. दीर २१ ऑक्टोबरला तिकिटांसाठी जागे राहणार आहेत, तेव्हा त्यांच्याकडे आदल्या दिवशीची रात्र असेल. नणंद पुण्याहून गाडीने येणार आहेत. दीड वर्षाच्या बाळाला घेऊन त्यांनी कोणता घाट घ्यावा, एवढे सांगावे.

पाखाडी :

पुण्याहून सातारा, उंब्रज, पाटण करीत कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरावे. वरंधा जवळचा वाटला तरी तेथील रस्ता अरुंद आहे, बाळ बरोबर असताना त्या वाटेला जाऊ नये. घाट सुरू होण्याआधी कोयनानगरच्या अलीकडे थांबून बाळाला उतरवावे, थोडे खाऊ घालावे आणि अर्धा तास मोकळ्या हवेत जाऊ द्यावा. पोटभर दूध पाजून लगेच वळणांत शिरले की उलटी ठरलेली. त्यांनी सकाळी सहाला पुणे सोडले तर उजेडात, जेवणाच्या सुमारास चिपळूणला येतील. तुमची गाडी त्याच्या आधीच पोहोचलेली असेल, तेव्हा आजींना त्यांच्यासाठी चिपळूणात थांबवू नका, थेट गुहागरला न्या.